मुलीला मानसोपचारात जायचंय, घरात काका आजारी आहेत

(सातारा जिल्ह्यातल्या वडूजजवळच्या एका गावातून वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी सायन्स झाली. नीटचे मार्क सरकारी एमबीबीएसला पुरत नाहीत. घरात वडिलांच्या धाकट्या भावाला १४ वर्षांपासून स्किझोफ्रेनिया (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) आहे. मुलगी म्हणते, जाईन तर मानसोपचारातच. वडील लिहितात, "लहानपणापासून पोरीनं हेच बघितलं, आता जन्मभर हेच बघायचं का? अमेरिकेत नवीन गोळी निघाली म्हणतात. उद्या गोळीनंच बरं व्हायला लागलं तर या लाइनला काय उरणार? आणि पाहुणे विचारतात, पोरीला पण काही आहे का?")

दादा, नमस्कार.

पत्रातली एक गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. भाऊ संध्याकाळी गोठ्यापाशी बसून असतो, कुणाच्या हातची गोळी घेत नाही, पुतणी चहा घेऊन गेली की मात्र मुकाट घेतो. ती ओळ वाचून मी थांबले. तुमच्या मुलीला काय जमतं ते मार्कशीटपेक्षा तिथं जास्त कळतं. पण त्या ओळीत एक काळजीची बाबही आहे, तिच्याकडे शेवटी येते.

आधी गोळीचं. बातमी खरी आहे. १९५२ मध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध वापरात आलं. तेव्हापासून या आजारावरची जवळजवळ सगळी औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाला आवर घालून काम करत आली. हात थरथरणं, अंग जखडणं हे त्यातूनच येतं. काही औषधांनी वजन आणि साखरही वाढते. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने झॅनोमेलिन आणि ट्रॉस्पियम असं जोडऔषध मंजूर केलं. ते डोपामिनला थेट अडवत नाही, मस्करिनिक नावाच्या वेगळ्याच रिसेप्टरवर, म्हणजे पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागेवर काम करतं. ट्रॉस्पियम मेंदूत फारसं शिरत नाही. झॅनोमेलिनचा बाकी शरीराला होणारा त्रास कमी ठेवायला ते जोडीला दिलंय. तरी मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ होतंच. इतक्या वर्षांनी नवी वाट सापडली, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण मंजुरी मिळाली ती ५ आठवड्यांच्या चाचण्यांवर. तुमचा भाऊ १४ वर्षं आजारी आहे. एप्रिल २०२५ मध्ये आणखी एका चाचणीचा निकाल आला. त्यात हे औषध नेहमीच्या औषधाला जोड म्हणून दिलं होतं, आणि म्हणावा तेवढा फरक पडला नाही. त्यामुळे बातमी वाचून चालू गोळ्या बदलू नका, डॉक्टरांनाच विचारा. आणि या लाइनला काम उरणार नाही ही धास्ती तर मनातून काढूनच टाका.

उलट मला वाटतं, तुमच्या मुलीच्या दृष्टीनं जास्त मोलाचं संशोधन आपल्या साताऱ्यातही झालंय. २०१४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात ते आलं. तमिळनाडू, गोवा आणि सातारा मिळून स्किझोफ्रेनियाचे २८२ रुग्ण त्यात होते. साताऱ्याचं काम परिवर्तन या संस्थेनं केलं. सगळ्यांना दवाखान्याचे उपचार होतेच. त्यातल्या १८७ जणांच्या घरी प्रशिक्षण दिलेले कार्यकर्तेही जात होते. हे काही डॉक्टर नव्हेत, साधी शिकलेली माणसं. गोळ्या चालू आहेत का बघायचं, घरच्यांना आजार समजावायचा, माणसाला पुन्हा कामाला, चार लोकांत आणायचं, हे त्यांचं काम. वर्षाअखेरीला या गटाची लक्षणं आणि रोजच्या जगण्यातल्या अडचणी दुसऱ्या गटापेक्षा थोड्या कमी निघाल्या. थोड्याच, हेही सांगते. शिवाय ठळक फरक दिसला तो तमिळनाडूच्या ग्रामीण भागात. साताऱ्यात आणि गोव्यात तेवढा दिसला नाही. मी त्याचा अर्थ असा घेते, की जिथं आधी काहीच सोय नसते, तिथं घरी येणारं माणूस सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. माण-खटावच्या वाड्यावस्त्या डोळ्यांपुढं आणा.

माझी एक विद्यार्थिनी आज मनोसामाजिक कार्यकर्ती आहे. जावळीतल्या एका घरी ती गेली, तेव्हा आई म्हणाली, गोळ्या वेळेवर चालू आहेत. हिनं डबा मागितला, खाटेवर स्ट्रिपा मांडल्या, तारखेशी ताडून मोजल्या. १९ गोळ्या जास्त निघाल्या. ती रागावली नाही, मुलाला म्हणाली, "हात पुढं कर बघू." बोटं थरथरत होती. त्याला दुधाची किटली धरता येत नव्हती, डेअरीवर पोरं हसायची, म्हणून त्यानं गोळी सोडली होती. डॉक्टरांनी डोस बदलला, थरथर कमी झाली. तो पुन्हा दूध घालायला जायला लागला. ओपीडीतल्या पाच मिनिटांत हे कुणाला कळलं असतं?

आता वाटा. मानसोपचारतज्ज्ञ व्हायचं तर साडेपाच वर्षं एमबीबीएस आणि पुढं तीन वर्षं एमडी. नीटसाठी एक वर्ष पुन्हा द्यायला हरकत नाही. दुसरं वर्ष मात्र देऊ नका, आणि जमीन विकून खासगी कॉलेजची फी तर भरूच नका. कारण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात डॉक्टरांखेरीज क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसोपचार परिचारिका आणि मनोसामाजिक कार्यकर्ते यांचीही व्यावसायिक म्हणून नोंदणी होते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातही ही पदं असतात.

पत्र वाचून मला तिच्यासाठी नर्सिंग सगळ्यात योग्य वाटतं. बीएस्सी नर्सिंग, मग मानसोपचार विषय घेऊन एमएस्सी. पदवी हातात आली की नोकरी मिळते, आणि पुढं मन बदललं तरी शिक्षण वाया जात नाही. एमएसडब्ल्यू करून मनोसामाजिक कार्याकडेही जाता येतं. पण त्यातली बरीच पदं कंत्राटी असतात, पगार बेताचा असतो, हे तिला आजच सांगा. मानसशास्त्राची वाट लांबची आहे. नुसत्या एमएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करता येत नाही, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम लागतो. त्यासाठीची एमफिल ही पदवी बंद होत असल्यानं सध्या तिथं बदल चालू आहेत. फी भरण्याआधी परिषदेच्या यादीत कॉलेजचं नाव स्वतः बघा. मानसशास्त्र दूरशिक्षणानं करू नका, २०२५ पासून यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) ते बंद केलंय.

पाहुण्यांचं म्हणाल तर, हा आजार साधारण १०० माणसांत एकाच्या आसपास दिसतो. सख्ख्या काकांना असेल तर पुतण्या-पुतणीत १०० मागे दोन ते चार. म्हणजे ९६ ते ९८ जणांना तो होत नाही. २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात या आजाराशी संबंध असलेल्या २८७ जागा जनुकसंचात सापडल्या. एखादं 'वाईट रक्त' असं काही नसतं. आणि आजाराचा अभ्यास केल्यानं तो लागत नाही.

आता ती काळजी. भाऊ फक्त तिच्याच हातची गोळी घेतो. उद्या ती होस्टेलला गेली, की पंधरा दिवसांत गोळी सुटेल, आजार उसळेल, तिला परीक्षेतून बोलावून घ्याल आणि ती शिक्षण सोडून घरी बसेल. असं झालेली घरं मी पाहिलीत. तिनं जन्मभर हेच बघायचं का, असं तुम्ही विचारलंत. नोकरी म्हणून हे काम केलं तर तिला सुट्टी असेल, सोबतीला टीम असेल, अडलं तर विचारायला वरिष्ठ असतील. घरात आज यातलं काहीच नाही.

तेव्हा कॉलेजच्या फॉर्मआधी हे करा. या आठवड्यापासून संध्याकाळी गोठ्याकडे दोघंही जा. चहा तिच्या हातात, गोळी तुमच्या. नाही घेतली तर त्या दिवशी तिनं द्यावी, दुसऱ्या दिवशी पुन्हा तुम्ही. वहिनींनाही मधून मधून पाठवा. महिनाभरात घडी बसली नाही तर डॉक्टरांना सांगा, महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही असतात. दरम्यान रात्री-अपरात्री काही अडलं तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं. घडी बसली की मुलीला घेऊन या, नर्सिंगच्या सीईटीचं (प्रवेश परीक्षेचं) आपण तेव्हा बघू.