सुरक्षा प्रशिक्षण सुरू करताय? आधी एवढं करा
कारखान्यात कामगारांचं सुरक्षा प्रशिक्षण कसं सुरू करायचं, हे अपघात व्हायच्या आधी विचारताय, हे फार चांगलं. जाड नियमावली सध्या बाजूला ठेवा. कामगारांना घेऊन प्रत्येक मशीनपाशी जा आणि विचारा, "इथे अपघातातून थोडक्यात कधी बचावलात?" उत्तरं लिहून काढा, कोणावरही न रागावता. रागावलात तर पुढच्या वेळी कोणी सांगणार नाही. प्रशिक्षणाचे विषय त्यातूनच मिळतील.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:
- सगळी भिस्त हेल्मेट-हातमोज्यांवर. आधी धोकाच काढता येतो का, नाहीतर मशीनला गार्ड (संरक्षक आवरण) बसतो का, ते बघा.
- वर्षातून एक भाषण आणि सह्या. त्यापेक्षा पाळीच्या सुरुवातीला १० मिनिटं, प्रत्यक्ष करून घ्या.
- कंत्राटी माणसांना वगळणं.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तपासणी याद्या मोफत मिळतात, त्या वापरा. आयएसओ ४५००१ (कामाच्या जागच्या सुरक्षा व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक) नंतर बघू.