पन्नाशीत 'साचलेपण' आलं म्हणजे नापास का?

प्रश्न : ताई, वय 52, राहणार मिरज. मुलगा नोकरीला बेंगळुरूला, मुलगी हॉस्टेलवर. गेल्या वर्षी पाळी थांबली, आता शुगरचा तीन महिन्यांचा रिपोर्ट 6.1 आलाय, डॉक्टर म्हणतात चाला, पण चार दिवस चालते की परत बंद. परवा भाचीच्या बीएडच्या नोट्स चाळताना मानसशास्त्रज्ञ एरिक्सनच्या माणसाच्या आयुष्यातल्या आठ अवस्था वाचल्या, त्यात 40 ते 65 ला 'जननशीलता विरुद्ध साचलेपण' लिहिलेलं, तर साचलेपण म्हणजे मीच की! घरात 79 वर्षांच्या सासूबाई, त्यांचं दिवसभर तेच ते जुनं पुराण चालू. मी या अवस्थेत फेल झालेय का?

उत्तर : अहो फेल कसल्या! त्या नोट्समधल्या तक्त्यानेच सगळा घोळ होतो, डावीकडे वय आणि उजवीकडे दोन विरुद्ध शब्द, म्हणजे जणू बोर्डाची परीक्षा, एक तर पास नाहीतर नापास. एरिक्सनचं म्हणणं तसं नव्हतंच. दोन्ही बाजू माणसात राहतातच, फक्त पारडं कुठे झुकतंय ते बघायचं, आणि आधीच्या अवस्थांचे प्रश्न पुढेही डोकं वर काढत राहतात. साचल्यासारखं वाटतंय आणि ते तुम्हाला खुपतंय, म्हणजे गाडी चालू आहे असंच मी म्हणेन.

आता 'जननशीलता' म्हणजे फक्त आपली पोरं वाढवणं नाही, पुढच्या पिढीसाठी काहीही करणं त्यात येतं, शिकवणं, एखादं काम उभं करणं, कुणाची तरी काळजी वाहणं. एरिक्सन 1962 मध्ये अहमदाबादला आले होते, नंतर त्यांनी गांधीजींवर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्यात मुख्य घटना निवडली ती 1918 चा गिरणी संप, तेव्हा गांधीजी 48 वर्षांचे. दांडीयात्रा सोडून हा संप का, तर एरिक्सनना मध्यमवयातला माणूस इतरांची जबाबदारी कशी अंगावर घेतो ते बघायचं होतं. (घरच्या पोरांच्या बाबतीत बापू कमी पडले ते वेगळं, आणि एरिक्सनने तेही लपवलेलं नाही.)

आणि माझ्या मते तुमचं चालणं इथेच अडतंय. तो तीन महिन्यांचा रिपोर्ट 5.7 ते 6.4 म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर, अजून मागे फिरता येतं, त्यासाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालणं हवं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, पाळी गेल्यावर हाडांसाठी तर तो हवाच. हे सगळं तुम्हाला माहिती असणार, पण एकटीने शिक्षा भोगल्यासारखं कोण किती दिवस चालेल? त्यापेक्षा कॉलनीतल्या दोघी-तिघींना सकाळी हाक मारून बाहेर काढायचं काम तुमच्याकडे घ्या. कुणीतरी गेटपाशी आपली वाट बघत उभं आहे म्हटल्यावर पाय आपोआप चपलेत जातात. सोबत थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी12 पण एकदा बघून घ्या, नाहीतर साधा थकवा असायचा आणि आपण त्याला साचलेपण म्हणत बसायचो.

सासूबाईंचं 'पुराण' हे त्यांच्या अवस्थेचं काम आहे हो. शेवटच्या अवस्थेत माणूस मागे वळून जमाखर्च मांडतो, जे झालं ते आपलं म्हणून पदरात घेता आलं तर समाधान, नाहीतर निराशा. तीच गोष्ट परत निघाली की "हो, सांगितलंत मागे" न म्हणता विचारा, "तेव्हा तुम्हाला राग नाही आला का हो आई?" बघा गोष्ट कशी वळण घेते ती. मोबाइलवर रेकॉर्ड करून नातवाला पाठवा. ओट्याला धरून टाचा वर-खाली करण्यासारखा तोल सांभाळायचा व्यायामही आठवड्यातून तीन दिवस करून घ्या, त्या वयात पडणं फार महागात पडतं. मात्र गॅस बंद करायचं विसरणं, ओळखीचा रस्ता चुकणं असं काही दिसलं तर त्याला म्हातारपण म्हणून सोडू नका, थेट डॉक्टर.

आणि तुमचं स्वतःचं मन सलग दोन आठवडे उदास राहिलं, झोप-भूक गेली, तर 14416 वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : वय 23, पुण्यात एमपीएससी करतोय. मित्र सेटल झाले, मला अजून आपण कोण हेच कळत नाहीये. रात्रभर अभ्यासिकेत बसतो, तरी डोक्यात काही शिरत नाही.

उत्तर : मित्रा, 'आयडेंटिटी क्रायसिस' हा शब्द ज्यांनी रूढ केला ते एरिक्सन स्वतः शाळा संपल्यावर चित्रं काढत युरोपभर भटकत होते, पंचविशीत व्हिएन्नाच्या एका छोट्या शाळेत शिकवायला गेले तिथे कुठे वाट सापडली. खरे वडील कोण हे त्यांना कधीच कळलं नाही, 'एरिक्सन' हे आडनावसुद्धा 1939 मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेताना स्वतःच लावलेलं. कॉलेजची डिग्री नव्हती, तरी पुढे हार्वर्डला प्रोफेसर झाले. म्हणजे या वयात थोडं रेंगाळणं त्यांच्या मते विकासाचाच भाग. पण रेंगाळायला तारीख ठरवलेली बरी, किती अटेम्प्ट देणार ते आत्ताच घरी सांगून टाक, आणि दुसरं एखादं काम हाताखालून जाऊ दे, क्लासमध्ये शिकव, डेटा एंट्री कर, काहीही, आपण कोण हे नुसतं खुर्चीत बसून विचार करून नाही कळत. आणि रात्री किमान सात तास झोप रे बाबा, वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेतच, पहाटे तीनला घेतलेल्या तिसऱ्या चहाने नाही.