मुक्काम हलवू नकोस

प्रिय मुली,

काल रात्री तुझ्या जपानच्या सहलीचा तो तक्ता उघडून बसले होते. आठ दिवस, पाच शहरं, आणि शेवटच्या रकान्यात तुझा प्रश्न: "मावशी, कानाझावाच्या गेस्टहाउसचं बुकिंग रद्द करू का? चार रात्री तिथे करायचं तरी काय?" बाथरूम सामाईक, जिना उभा, रात्री दहाला पुढचं दार बंद. आणि तुझ्या ग्रुपमधली सगळी म्हणतात, ओसाकात स्टेशनजवळ हॉटेल घे, रोज एक शहर उरकता येईल.

तुला भाषा येते, धीर आहे, पैसे तू स्वतः साठवलेत. ते सगळं धरूनच चालते. एकच सांगते: मुक्काम हलवू नकोस.

तू सात दिवसांचा रेल्वे पास घ्यायच्या विचारात आहेस. ऑक्टोबर 2023 मध्ये तो 29,650 येनांवरून 50,000 येनांवर गेला. एवढे पैसे मोजले की ते वसूल करायची घाई मानगुटीवर बसते. रिकामा दिवस दिसला की वाटतं, पास वाया चालला. हे मी ऐकीव सांगत नाही, त्या पासानंच माझं नुकसान केलं.

1994 साली एका कंपनीच्या इंजिनियरांबरोबर दुभाषी म्हणून गेले होते. काम संपल्यावर पाच दिवस मोकळे मिळाले. तेव्हा कानाझावाला शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, नव्हती, ती 14 मार्च 2015 ला आली. आता तोक्योहून अडीच तासांत पोचतेस. मी गाड्या बदलत, संध्याकाळी पावसात पोचले. आसानो नदीच्या पलीकडे हिगाशियामाच्या एका गल्लीत एका आजींच्या घरी तीन रात्री ठरवल्या होत्या. पुढे बारीक लाकडी पट्ट्यांची जाळी, आतून रस्ता दिसतो, रस्त्यावरून आतलं दिसत नाही. आत केरोसिनचा स्टोव्ह, त्यावर किटली. मासे खात नाही म्हटल्यावर आजींनी कागद-पेन्सिल आणली आणि मला एकेक पदार्थ विचारून लिहून घेतला. अंडं चालतं का, कांदा चालतो का, सुक्या माशाचं पाणी चालतं का. शेवटच्या ओळीखाली दोनदा रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी पाऊस थांबेना. मला वाटलं, इथे बसून काय करू, पास आहे, क्योतोला जाते. सकाळी पैसे द्यायला स्वयंपाकघरापाशी गेले तर ओट्यावर काचेचं भांडं होतं. पाण्यात कोंबूचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, तळहाताएवढा तुकडा भिजत होता, कडांना बारीक बुडबुडे धरलेले. पाणी जेमतेम पिवळसर झालं होतं. शेजारी कमळाची दांडी सोलून पाण्यात ठेवलेली. माझ्या रात्रीच्या जेवणासाठी, सुक्या माशाविना, मुद्दाम. (कोंबू उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचा. जुन्या एदो काळात कितामाएबुने नावाची व्यापारी जहाजं तो या किनाऱ्यावर आणत, म्हणून तिकडच्या स्वयंपाकात तो इतका मुरलाय.) आजी एका शब्दानंही काही बोलल्या नाहीत. आत गेल्या आणि उरलेल्या दोन रात्रींचे पैसे पांढऱ्या पाकिटात घालून, दोन्ही हातांनी मला परत दिले. मी नको म्हणाले, त्यांनी ऐकलं नाही. दारात आले तर माझे बूट टोकं बाहेर करून ठेवलेले होते, पाय घातला की निघता यावं म्हणून.

क्योतोत मी नऊ देवळं पाहिली. त्यांतली दोन आज डोळ्यांपुढे आणता येतात. ते काचेचं भांडं मात्र जसंच्या तसं दिसतं.

आता तू विचारशील, चार दिवस तिथे करायचं काय. हा प्रश्नच मला राग आणतो, तरी उत्तर देते. पहिल्या दिवशी तू पाहुणी असतेस, काही करू नकोस. बूट काढ, जिना सांभाळून चढ, गादी कुठल्या कपाटातून काढायची ते शिक. तातामीवर, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांवर, चाकांची बॅग ओढू नकोस, उचलून ने. रात्री गल्लीतही उचल. भिंती पातळ असतात, पलीकडे कुणालातरी सकाळी कामावर जायचं असतं. दुसऱ्या दिवशी कुठला कचरा कुठल्या पिशवीत आणि तो कुठल्या वारी बाहेर ठेवायचा ते विचार. विचारायची लाज वाटू देऊ नकोस. कचऱ्याचं विचारलं की गप्पा सुरू होतात, देवळाबद्दल विचारलं की हातात नकाशा मिळतो.

बाहेरून येशील तेव्हा "तादाइमा" म्हण. आतून "ओकाएरी" येईल. वर्गात आपण हे "आले" आणि "आलीस?" असं पाठ केलं होतं. पहिल्यांदा म्हणताना तू बिचकशील. तिसऱ्या दिवशी दार सरकवताना तुझ्या तोंडून ते आपसूक निघेल, आणि त्यासाठी तिसरा दिवस यावा लागतो. म्हणून म्हणते, मुक्काम हलवू नकोस.

हिगाशी चाया, म्हणजे त्याच हिगाशियामातला जुन्या चहाघरांचा भाग, 1820 मध्ये वसवला गेला. दिवसा तिथे सोन्याचा वर्ख लावलेलं आइसक्रीम घेऊन फोटो काढणाऱ्यांची रीघ असते. स्टेशनजवळ राहणारे संध्याकाळी बसने परत जातात. त्यानंतर दिवे लागतात, पावसात दगड चकाकतात, आणि गल्लीत आपल्याच पावलांचा आवाज येतो. ती वेळ तिथे झोपणाऱ्यांचीच. सकाळी भाजलेल्या चहाच्या काड्यांचा वास येतो, काठावरून 1922 सालच्या आसानो पुलापर्यंत चालत जा. या नदीला तिकडे बाईची नदी म्हणतात, दक्षिणेकडच्या साई नदीला पुरुषाची. दोन्ही पाहिल्यास की का ते सांगावं लागणार नाही. ओमिचो बाजारात जा, गोरोजिमाची रताळी घे, घरच्या चुलीवर उकड. तू शाकाहारी आहेस, हॉटेलात तुला चूल कोण देणार होतं?

कानाझावाच्या केनरोकुएन बागेत जाशीलच. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात आपण जपानी वाचत बसायचो, ते ओकायामाच्या कोराकुएनवरून बेतलेलं आहे. कोराकुएन आणि केनरोकुएन जपानच्या तीन थोर बागांमधल्या. तू नोव्हेंबरात जातेयस, 1 तारखेपासून तिथे झाडांच्या फांद्यांना दोर बांधायला घेतात, बर्फाच्या भारानं मोडू नयेत म्हणून. एकदा पाहून निघून येऊ नकोस. दोन दिवस लागोपाठ जा, त्याच बाकावर बस. पाऊस येईलच. तिथली म्हणच आहे, डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. विजा कडाडल्या तर घाबरू नकोस, हिवाळ्याच्या तोंडच्या त्या गडगडाटाला "बुरी ओकोशी" म्हणतात, बुरी माशांना जागं करणारा. हे मला एका घरमालकिणीनं चहा ओतताना सांगितलं, दहाव्या रात्री.

हो, दहाव्या. 2016 मध्ये मी पुन्हा गेले. आजींचं घर राहिलं नव्हतं, जागेवर गाड्या लावायची मोकळी जागा होती. गल्लीच्या पुढच्या वळणावर दुसऱ्या एका जुन्या घरात दहा रात्री राहिले, एकाच खोलीत. घरात अजून ऐकवतात. एवढे लाख घालून फुजी नाही पाहिलास? क्योतोला परत का नाही गेलीस? नाही पाहिला. नाही गेले. तुझे काका म्हणतात, मी एका भांड्यापायी अख्खा देश सोडून दिला. म्हणोत. मी त्या दहा रात्रींत एका बाईच्या मुलाची बदली, तिच्या गुडघ्याचं दुखणं आणि शेजारच्या म्हाताऱ्याचं मौन समजून घेतलं. माझ्या तीस वर्षांच्या भाषांतरांत जेवढं जपानी आलं नव्हतं तेवढं त्या स्वयंपाकघरात आलं. मी चुकले नव्हते. 1994 मध्ये चुकले होते.

क्योतो हवंच असेल तर पाचव्या दिवशी जा. मार्च 2024 पासून त्सुरुगाला गाडी बदलावी लागते, तेवढं लक्षात ठेव. पण चार रात्रींतली एकही कापू नकोस. ग्रुपला जे म्हणायचं ते म्हणू दे, त्यांना तिथे राहायचं नाही, तुला राहायचं आहे. आणि गेस्टहाउसवाल्यांना आधीच कळव की तू मासे खात नाहीस. कुणी कोंबू भिजत घातला तर जेवून नीघ.

रद्द करायची मुदत शुक्रवारी रात्री संपते असं लिहिलंयस. शनिवारी सकाळी घरी ये. पोचल्यावर दारात उभं राहून "ओसेवा नि नारिमासु", म्हणजे "तुमच्या आधारानं राहते", कसं म्हणायचं, किती वाकायचं, ते करून घेते.

तुझी,
मावशी