वाचकांचे प्रश्न : वेबसाइटचा फॉन्ट कुठून यावा?

प्रश्न : आम्ही काही मैत्रिणी मिळून मराठी कथा आणि लेखांची एक वेबसाइट चालवतो. सध्या ती नव्याने बांधून घेत आहोत. बांधणारा मुलगा म्हणतो, गूगल फॉन्ट्स वापरा, फुकट आहे आणि दोन ओळींत काम होतं. आमची डिझायनर म्हणते, ते फॉन्ट सगळीकडे दिसतात, अडोबीचे घ्या. ओळखीतल्या एका जाणकाराने तर सांगितलं की बाहेरची सेवा नकोच, फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. तिघंही आपापल्या जागी ठाम आहेत. आमचे बहुतेक वाचक मोबाइलवर वाचतात आणि बऱ्याच जणांचं नेट मंद असतं. कोणाचं ऐकायचं?

उत्तर : जाणकाराचं ऐका. पण फॉन्ट मात्र त्या मुलाने सुचवलेल्या साठ्यातूनच घ्या. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत, हेच बहुतेकांना कोणी सांगत नाही.

गूगल फॉन्ट्सवरचे जवळजवळ सगळे फॉन्ट मुक्त परवान्याचे आहेत, त्यातले बहुतांश एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली. हा परवाना तुम्हाला फाइल उतरवून घ्यायला आणि आपल्या सर्व्हरवरून वाचकांना द्यायला पूर्ण मोकळीक देतो. म्हणजे फॉन्ट गूगलच्या यादीतला असला तरी तो गूगलच्या सर्व्हरवरूनच आला पाहिजे असं काही नाही.

मग तिथून का आणू नये? वाचकाने तुमचं पान उघडलं की ब्राउझर आधी गूगलच्या एका पत्त्यावर जाऊन सीएसएस, म्हणजे पान कसं दिसावं याच्या सूचनांची फाइल, मागतो. त्या सीएसएसमध्ये फॉन्टच्या फाइली कुठे आहेत ते लिहिलेलं असतं आणि त्या असतात दुसऱ्याच पत्त्यावर. म्हणजे पहिलं अक्षर उमटण्याआधी दोन नव्या सर्व्हरांशी ओळखपाळख. वेगवान नेटवर हे जाणवत नाही, तुमच्या मंद नेटवाल्या वाचकाला जाणवतं. आपल्या सर्व्हरशी ब्राउझरची जोडणी आधीच झालेली असते, त्यामुळे फॉन्ट तिथेच असेल तर या फेऱ्या वाचतात.

यावर एक जुना युक्तिवाद तुम्हाला नक्की ऐकवला जाईल : ‘गूगलचा फॉन्ट वाचकाच्या ब्राउझरमध्ये दुसऱ्या कुठल्या तरी साइटमुळे आधीच साठवलेला असतो, तो परत उतरवावा लागत नाही.’ एके काळी हे खरं होतं. सफारीने २०१३ पासूनच साठा साइटगणिक वेगळा ठेवायला सुरुवात केली, क्रोमने ऑक्टोबर २०२० मध्ये ८६व्या आवृत्तीपासून आणि फायरफॉक्सने जानेवारी २०२१ मध्ये ८५व्या आवृत्तीपासून. आता शेजारच्या साइटवर उतरलेला फॉन्ट तुमच्या साइटला मिळत नाही. तरीही हा मुद्दा अजून लोकांच्या तोंडी आहे, म्हणून तारखांसकट सांगितलं.

दुसरं कारण खासगीपणाचं. बाहेरून फॉन्ट मागवला की वाचकाचा आयपी पत्ता त्या कंपनीकडे जातो. म्युनिकच्या न्यायालयाने २० जानेवारी २०२२ रोजी याच कारणावरून एका साइटच्या मालकाला १०० युरो भरपाई द्यायला लावली. न्यायालयाचं म्हणणं होतं की हेच फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येत असताना वाचकाला न विचारता त्याचा पत्ता बाहेर देण्याची गरज नव्हती. त्यानंतर जर्मनीत कितीतरी साइटमालकांना भरपाई मागणारी पत्रं गेली. तुमचे वाचक युरोपात नसतील, पण युक्तिवाद मला कुठेही पटण्यासारखा वाटतो. माणूस तुमच्याकडे कथा वाचायला आला आहे. त्याची खबर तिसऱ्याला कशाला?

अडोबीचं गणित वेगळं आहे. ही सेवा २००९ मध्ये टाइपकिट या नावाने सुरू झाली, २०११ मध्ये अडोबीने ती विकत घेतली आणि २०१८ मध्ये तिचं नाव अडोबी फॉन्ट्स झालं. संग्रह सुंदर आहे, यात वाद नाही. पण तिथे फाइल तुमच्या हातात येत नाही, फॉन्ट कायम त्यांच्याच सर्व्हरवरून येतो. वर्गणी थांबली की साइटवरून फॉन्ट गेला. एखाद्या फाउंड्रीचा, म्हणजे फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीचा, अडोबीशी करार संपला तरी तिचे फॉन्ट संग्रहातून निघतात, मग तुम्ही वर्गणी भरत असा वा नसा. आणि तुमच्या बाबतीत एक गोष्ट आत्ताच विचारून घ्या : वर्गणी कोणाच्या नावावर असेल? डिझायनरच्या खात्यावरून फॉन्ट लावला आणि उद्या ती दुसऱ्या कामाला लागली तर तुमच्या साइटचा चेहराही तिच्याबरोबर जाईल. अडोबीच्या नियमांप्रमाणेही वर्गणी साइटच्या मालकाचीच हवी.

डिझायनरचं एक म्हणणं मात्र बरोबर आहे. मोजके फॉन्ट सगळीकडे दिसतात. तुम्हाला वेगळा चेहराच हवा असेल तर थेट फाउंड्रीकडून वेबपरवाना विकत घ्या. अनेक फाउंड्री फाइलच देतात आणि महिन्याला किती वेळा पानं उघडली जातात त्यावर दर ठरवतात. परवाना वाचताना बघायचं ते एवढंच : फाइल आपल्या सर्व्हरवर ठेवायची मुभा आहे का, पानांची मर्यादा ओलांडली तर काय, आणि फाइलीची काटछाट करायची परवानगी आहे का. मी सांभाळत असलेल्या एका साइटवर एका सशुल्क सेवेचा फॉन्ट होता. ती सेवा गुंडाळली गेली तेव्हा आम्हाला सगळ्या पानांची मांडणी पुन्हा करावी लागली, कारण नवा फॉन्ट रुंदीला वेगळा होता. तेव्हापासून फाइल हातात नसेल तर मी फॉन्ट घेत नाही.

आता या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं. सेवेची चर्चा करायच्या आधी त्या फॉन्टने मराठी नीट लिहिता येतं का ते बघा. लॅटिन अक्षरांच्या साइटला हा प्रश्न फारसा पडत नाही, आपल्याला पडतो. नमुन्याला दोन ओळी दिसल्या की लोक हो म्हणून टाकतात, आणि तीनशे लेख चढवल्यावर कळतं की ‘वाङ्मय’ तुटतोय.

माझ्याकडे एक ठरलेला उतारा आहे. कुठलाही फॉन्ट आला की आधी त्यात हे शब्द लावून बघते : वाङ्मय, उद्ध्वस्त, हृदय, श्रृंखला आणि शृंखला दोन्ही, दुसऱ्या, र्‍हास, राष्ट्र, ब्राह्मण, चिन्ह, आल्हाद, ॲप, ऑक्टोबर, बाळ, शाल, विश्व. प्रत्येक शब्द एकेका जागी फॉन्टला पकडतो. ‘उद्ध्वस्त’मध्ये तीन व्यंजनं एकाखाली एक येतात किंवा हलन्त दिसतो, काय होतं ते बघा. ‘ॲ’ला यूनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या क्रमांकयादीत, स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळालं, त्यामुळे जुन्या वळणाच्या फॉन्टांत तो नसतोच आणि ब्राउझर दुसऱ्याच फॉन्टमधून आणून चिकटवतो. शेजारच्या अक्षरांपेक्षा तो जाड किंवा बारीक दिसतो, लगेच ओळखू येतो.

‘शाल’ हा शब्द आणखी एका कारणासाठी. आपल्याला देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल हवा असतो. बऱ्याच देवनागरी फॉन्टांत मूळ वळण हिंदीचं असतं आणि मराठी वळण आत दडवून ठेवलेलं असतं. पानाची भाषा मराठी आहे असं साइटच्या कोडमध्ये लिहिलं, म्हणजे ‘लँग’ या जागी ‘एमआर’ घातलं, की फॉन्ट आपणहून मराठी वळणाचा ल आणि श देतो. बांधणाऱ्यांच्या हातून ही खूण बरेचदा राहते आणि तिथे इंग्रजीची तशीच असते. टिरो देवनागरी मराठी या फॉन्टमध्ये ही वळणं मुळातच मराठी आहेत, त्याची हिंदी आणि संस्कृत भावंडं वेगळी आहेत. कथांच्या साइटला तो मला फार शोभेल असं वाटतं. मात्र त्यात ठळक वजन, म्हणजे जाड अक्षर, नाही, फक्त साधं आणि तिरपं. ठळक मागितलं तर ब्राउझर अक्षर उगाच फुगवतो आणि जोडाक्षरांच्या पोकळ्या बुजतात. म्हणून मथळ्यांना दुसरा फॉन्ट लावा : एक टाइपचा मुक्ता किंवा इंडियन टाइप फाउंड्रीचा हिंद चालेल, दोन्हींत वजनं भरपूर आहेत.

फॉन्ट आपल्याकडे आणताना एक जागा जपा. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांची शेकडो चित्रं असतात, त्यामुळे फाइल लॅटिनपेक्षा जड होते आणि ती हलकी करायचा मोह होतो. मोह बरोबर आहे, पण कापणारं साधन देवनागरी जाणणारं हवं. काही साधनं फक्त मूळ अक्षरं ठेवतात आणि जोडाक्षरांची चित्रं टाकून देतात. मग ‘राष्ट्र’चे तुकडे पडतात. फॉन्टटूल्स नावाचं मुक्त साधन हे काम नीट करतं. फाइल वॉफ२ प्रकारचीच ठेवा, ती जुन्या वॉफपेक्षा साधारण ३० टक्के लहान असते आणि आजचे सगळे ब्राउझर ती वाचतात.

आणि फॉन्ट कुठल्या अक्षरांसाठी वापरायचा तो यूनिकोड क्रमांकांचा पट्टा हाताने लिहिणार असाल तर ०९०० ते ०९७एफ एवढाच लिहून थांबू नका. ‘र्‍हास’मधला र्‍ बरेचदा एका न दिसणाऱ्या जोडकाने टंकलेला असतो, आणि तो जोडक या पट्ट्याच्या बाहेर राहतो. तो सुटला तर र्‍ची चंद्रकोर जाऊन रफार डोक्यावर बसू शकतो. रुपयाचं चिन्हही बाहेरच आहे. गूगलने आपल्या देवनागरी तुकड्यात हे सगळं धरलेलं आहे, तो पट्टा तसाच्या तसा उचला.

प्रश्न : माझा ब्लॉग अशा ठिकाणी आहे जिथे फाइल चढवायची सोय नाही, फक्त सीएसएसची एखादी ओळ घालता येते. गूगल नको असेल तर काही मार्ग आहे का?

उत्तर : आहे. बनी फॉन्ट्स ही सेवा याच गरजेतून निघाली. गूगलचेच मुक्त फॉन्ट, मागण्याची रीतही तीच, फक्त पत्त्यातलं डोमेन बदलायचं. वाचकांची नोंद ठेवत नाही असं ती सांगते. तरी ती तिसरी जागा आहेच, आणि तिचा सर्व्हर बसला तर तुमच्या हातात काही नाही. तुमच्या अडचणीत मी तिचीच शिफारस करेन. मात्र वरचा उतारा तिथेही लावून बघा, आणि लागतील तेवढीच वजनं मागवा. साधं आणि ठळक, बस.

प्रश्न : फॉन्ट स्वतःच्या सर्व्हरवर आणला. माझ्या लॅपटॉपवर छान दिसतो. वाचक मात्र सांगतात की पान उघडल्यावर काही क्षण मजकूर दिसतच नाही, मग एकदम येतो आणि ओळी खाली सरकतात. काहींना तर फॉन्ट दिसतच नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : तुमच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट बसवलेला असण्याची दाट शक्यता आहे, त्यामुळे तुमची तपासणीच फसवी आहे. तो काढून टाका किंवा दुसऱ्याच्या फोनवर बघा.

मजकूर दिसत नाही कारण फॉन्ट येईपर्यंत ब्राउझर साधारण ३ सेकंद जागा कोरी ठेवतो. ‘फॉन्ट-डिस्प्ले’ ही सूचना दिली की हे थांबतं. ‘स्वॅप’ लिहिलं तर फोनमधल्या फॉन्टने मजकूर लगेच दिसतो आणि आपला फॉन्ट आला की बदलतो. ‘ऑप्शनल’ लिहिलं तर ब्राउझर सेकंदाचा दहावा भाग थांबतो, तेवढ्यात फॉन्ट आला तर ठीक, नाहीतर ते पान फोनच्याच फॉन्टमध्ये राहतं आणि आपला पुढच्या पानापासून लागतो. पुष्कळ जण सगळीकडे ‘स्वॅप’ लावतात. मी मथळ्यांना ‘स्वॅप’ आणि लेखाच्या मजकुराला ‘ऑप्शनल’ लावते. अँड्रॉइडवरचा नोटो, ॲपलचा कोहिनूर देवनागरी आणि विंडोजचा निर्मला यूआय हे तिन्ही वाचायला चांगले आहेत. चौथ्या ओळीवर असलेल्या वाचकाची ओळ पायाखालून काढण्यापेक्षा एक पान त्यांतल्या एखाद्यात वाचलं जाणं मला बरं वाटतं.

ओळी सरकतात त्या दोन फॉन्टांच्या उंची-रुंदीतल्या फरकामुळे. पर्यायी फॉन्टला ‘साइज-अ‍ॅडजस्ट’ने मापात आणता येतं. ओळींमधलं अंतर आकड्यात बांधून टाका, अक्षराच्या १.६ पटीच्या आसपास, म्हणजे वरची मात्रा आणि खालचा उकार एकमेकांत अडकणार नाहीत.

काहींना फॉन्ट दिसतच नाही, याचं कारण बहुधा डोमेन. तुमच्या फाइली वेगळ्या उपडोमेनवर असतील तर ब्राउझर त्या परवानगीशिवाय घेत नाही. ‘ॲक्सेस-कंट्रोल-अलाउ-ओरिजिन’ हे शीर्षक, म्हणजे फाइलीसोबत जाणारी सूचना, त्या सर्व्हरने पाठवायला हवं. साइट ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’सह आणि त्याविना अशी दोन्ही पत्त्यांवर उघडत असेल तरी हेच होतं : एका पत्त्यावर फॉन्ट लागतो, दुसऱ्यावर नाही. आणि फॉन्ट आधीच मागवून ठेवायची ‘प्रीलोड’ची ओळ घातली असेल तर तिच्यात ‘क्रॉसओरिजिन’ हा शब्द आहे का बघा. फाइल तुमच्याच डोमेनवर असली तरी तो लागतो. नसेल तर ब्राउझर तीच फाइल दोनदा उतरवतो. ब्राउझरच्या नेटवर्क पट्टीत फॉन्टच्या नावाच्या दोन ओळी दिसल्या की समजा हेच झालंय.