सेटिंग तुमचं, बैठक क्रमांक पोराचा

आर्णी तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा बारावी सायन्सला, दहावीला ७८ टक्के. रात्री मोबाइलवर फॉर्म्युला वनच्या शर्यती बघतो, कोणाला कशाबद्दल काय शिक्षा झाली ते वहीत उतरवतो आणि ‘मी तिथंच इंजिनिअर होईन’ म्हणतो. वडिलांनी त्याचं नाव शेजारच्या तालुक्यातल्या एका कॉलेजात टाकायचं ठरवलंय, कारण तिथल्या परीक्षा केंद्रावर कॉपीची ‘सोय’ होते. मुलगा तयार नाही. वडील लिहितात, “पोट्टा भित्रा आहे. सगळेच करतात. तोच सांगते का मॅक्लारेननं फेरारीचे कागद चोरले, तरी ड्रायव्हरचे पॉइंट कायम राहिले. मंग याले काय झालं?”

भाऊ,

करिअरचं नंतर बोलू. तुमची ‘सोय’ मला खटकली, आणि तिला नाही म्हणणाऱ्या पोराला तुम्ही भित्रा म्हणता हे त्याहून जास्त. बापासमोर उभं राहून नाही म्हणायला किती छाती लागते, हे तुम्हाला ठाऊक नसेल असं वाटत नाही.

बरं, व्यवहार म्हणून बघितलं तरी सौदा तोट्याचाच आहे. राज्यातल्या इंजिनिअरिंगचा प्रवेश एमएचटी-सीईटीवर होतो. बारावीला खुल्या गटाला ४५ आणि राखीव गटाला ४० टक्के पुरतात. नागपूरच्या व्हीएनआयटी या केंद्राच्या इंजिनिअरिंग कॉलेजासाठी जेईई मेन, आणि बारावीला साधारण ७५ टक्क्यांची अट. दोन्ही प्रवेश परीक्षा संगणकावर होतात, तिथं तुमचा माणूस पोचत नाही.

आता मॅक्लारेन. २००७ सालची ती गोष्ट तुमच्यापर्यंत अर्धीच पोचली आहे. फेरारीच्या माणसाकडून ७८० पानांची तांत्रिक कागदपत्रं मॅक्लारेनच्या मुख्य डिझायनरकडे गेली. त्याच्या बायकोनं ती इंग्लंडमधल्या एका झेरॉक्सच्या दुकानात नेली आणि दुकानातल्या माणसानंच फेरारीला कळवलं. (आपल्याकडे परीक्षेच्या दिवसांत केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं बंद ठेवायला लावतात, ते उगाच नाही.) मॅक्लारेनला १० कोटी डॉलरचा दंड झाला आणि संघांच्या स्पर्धेतून बाहेर काढलं. मॅक्लारेनचे ड्रायव्हर हॅमिल्टन आणि अलोन्सो यांचे गुण वाचले, कारण चौकशीत माहिती देण्याच्या बदल्यात ड्रायव्हरांना अभय मिळालं होतं. हा न्याय झाला का? मला विचाराल तर अर्धाच झाला. गाडी तीच होती, मग संघ दोषी आणि चालवणारा निर्दोष कसा? पण यातून ‘चोरी पचते’ असा अर्थ काढू नका. त्या वर्षी विश्वविजेता फेरारीचा राइकोनेन झाला. त्याचे ११० गुण, हॅमिल्टन-अलोन्सोचे प्रत्येकी १०९.

तुमच्या घराला लागू पडतं ते दुसरं प्रकरण. २००८, सिंगापूर. रेनॉ संघाच्या नेल्सन पिके ज्युनियरनं गाडी मुद्दाम भिंतीवर घातली. त्यामुळे सेफ्टी कार, म्हणजे अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी गाडी, आली. त्याचाच सहकारी अलोन्सो (तोवर तो मॅक्लारेन सोडून रेनॉत आला होता) पेट्रोल-टायरसाठी आधीच थांबून आला होता, त्याचं फावलं आणि तो शर्यत जिंकला. पोरगा २३ वर्षांचा, पुढच्या कराराची धाकधूक, आणि बेत वरिष्ठांचा: संघप्रमुख ब्रियातोरे आणि मुख्य अभियंता सिमंड्स. पुढच्या वर्षी संघानं पोराला काढलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. ब्रियातोरेवर बेमुदत बंदी आली, पण २०१० मध्ये पॅरिसच्या न्यायालयानं ती रद्द केली, आणि २०२४ मध्ये तो त्याच संघात, आताच्या अल्पीनमध्ये, सल्लागार म्हणून परतला. सिमंड्सही पुढे फॉर्म्युला वनमध्ये परत आला. अलोन्सोचा तो विजय नोंदीत आजही आहे. पिकेला अभय मिळालं होतं, तरी फॉर्म्युला वनची गाडी त्याला पुन्हा मिळाली नाही. नंतर तो फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या स्पर्धेचा पहिला विजेता झाला, तरीही नाही.

केंद्रावर भरारी पथक आलं तर पेपर त्याचा जप्त होईल. मंडळाच्या शिक्षासूचीत निकाल रद्द करण्यापासून पुढच्या परीक्षांना बंदीपर्यंत सगळं आहे, आणि ते परीक्षार्थीच्या नावावर चढतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी वावरात जाल. त्याचं काय?

राहिलं करिअर. तुमच्याच पत्रानुसार त्याच्या वहीत इंजिन नाही, टायर नाही, शिक्षा आहेत. मला हा पोरगा इंजिनिअर वाटत नाही, वकील वाटतो. २०२१ च्या हंगामात रेड बुल संघानं खर्चाची मर्यादा ओलांडली म्हणून त्याला ७० लाख डॉलरचा दंड झाला आणि गाडीवर हवेचा परिणाम तपासायच्या चाचण्यांचा वेळ १० टक्क्यांनी कापला गेला. असली प्रकरणं हिशेब आणि कायदा कळणारी माणसं लढतात. बारावीनंतरचा पाच वर्षांचा लॉ सायन्सवाल्यालाही करता येतो: राज्याची लॉ सीईटी किंवा देशपातळीवरची क्लॅट, आणि नागपुरात राष्ट्रीय विधि विद्यापीठ आहेच. शर्यतीचा पंच होणं हा मात्र पोटापाण्याचा धंदा नाही. बहुतेक पंच आणि मार्शल बिनपगारी येतात. आपल्याकडे एफएमएससीआय या मोटार शर्यतींच्या राष्ट्रीय संस्थेच्या देखरेखीखाली चेन्नई आणि कोइम्बतूरला शर्यती होतात. पोट वकिलीवर, आणि हौस तिथं.

इंजिनिअरिंगचाच हट्ट असेल तर त्याला फॉर्म्युला भारत बघायला सांगा. त्यात विद्यार्थी स्वतः गाडी बांधतात आणि नियमावलीवर तपासून घेतल्याशिवाय ती ट्रॅकवर जात नाही. असा पोरगा तिथल्या कुठल्याही टीमला हवाच असेल.

दाखला अजून काढला नसेल तर काढू नका. त्या माणसाला आगाऊ पैसे दिले असतील तर ते बुडाले असं धरा. बेत रद्द केल्याचं पोराला तुम्ही स्वतः सांगा, आईकरवी निरोप नको. आणि ‘भित्रा’ म्हटलं ते चुकलं, हेही त्याच वेळी सांगून टाका.