ऑफिस आणि लग्नकार्य दोन्हीला चालतील असे प्लेन टो लेदर शूज घ्यायचेत, ऑक्सफर्ड घेऊ की डर्बी, आणि ओळखायचं कसं?

एकच जोडी घ्यायची असेल तर काळा प्लेन टो डर्बी घ्या, आणि ओळखताना बॉक्सवरच्या नावावर जाऊ नका, लेसच्या खालची शिवण बघा. मी बुटांच्या दुकानात काउंटरवर असतो, कुठल्याही लेसवाल्या फॉर्मल बुटाला सर्रास ऑक्सफर्ड म्हणून विकलं जातं. लेसची भोकं असलेल्या दोन पट्ट्या पुढच्या चामड्यावर वरून शिवलेल्या असतील आणि लेस सोडली की पुस्तकासारख्या उघडत असतील तर तो डर्बी, त्याच पट्ट्या पुढच्या चामड्याखाली जाऊन तळाशी बंद होत असतील तर ऑक्सफर्ड. प्लेन टो म्हणजे फक्त पुढे टो कॅपची, म्हणजे बोटांवरच्या वेगळ्या तुकड्याची, आडवी शिवण नाही की नक्षीची भोकं नाहीत, त्यामुळे दोन्ही प्रकार प्लेन टोमध्ये येतात. आणि हो, अमेरिकन साइटवर ब्लूचर दिसलं तर बहुतेक वेळा डर्बीच असतो. आपल्याकडे रुंद पाय, वरून उंच पाय खूप जणांचे असतात, त्यांना डर्बीत लेस सैल करता येते, ऑक्सफर्डमध्ये पट्ट्यांमध्ये मोठी फट राहते आणि वरून आवळतो ते वेगळंच. फक्त सूट-टाय रोजचाच असेल आणि पाय अरुंद असेल तर मात्र ऑक्सफर्डच घ्या, सुटाखाली तो जास्त शोभतो.