सावळी त्वचा राखाडी का पडते?

या महिन्यात थ्रीडी पात्रांच्या त्वचेबद्दलचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. सगळे नागपूरहून आलेले, सगळे ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचे. खालचे आकडे आवृत्ती ४ आणि त्यापुढच्यांसाठी, सायकल्स या त्याच्या रेंडर इंजिनमध्ये अंतिम चित्र काढणाऱ्यांसाठी आहेत.

प्रश्न : चेहऱ्याचं मॉडेल नीट जमलं आहे. पण सबसरफेस (त्वचेत प्रकाश शिरू देणारी सेटिंग) चालू केलं की चेहरा मेणबत्तीसारखा दिसतो, नाकाकानाच्या कडा विरघळतात. बंद केलं की प्लास्टर. काय चुकतंय?
— एक विद्यार्थी, धरमपेठ

खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि त्यावर बोटाचं टोक घट्ट दाबून धरा. पांढरा प्रकाश पलीकडून लाल होऊन बाहेर येतो. प्रकाश कातडीत शिरतो, आत भरकटतो आणि जरा अंतरावरून बाहेर पडतो. त्यात लाल काही मिलिमीटर जातो, हिरवा त्याहून कमी, आणि निळा फार लवकर शोषला जातो. सबसरफेस नेमकं हेच करतं. बिघडतं ते मापात.

प्रिन्सिपल्ड शेडरमध्ये, म्हणजे पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणाऱ्या ब्लेंडरच्या मुख्य नोडमध्ये, सबसरफेसचं स्केल मुळात ०.०५ असतं, म्हणजे ५ सेंटिमीटर. एवढ्या अंतरात अख्खं नाक मावतं, मग मेण होणारच. वेट (परिणामाचा जोर) १ ठेवा, स्केल ०.००३ करा आणि रेडियसचे तीन आकडे १, ०.३५, ०.२ असे भरा. याचा अर्थ लाल ३ मिलिमीटर, हिरवा साधारण १, निळा ०.६. मात्र डोकं खऱ्या मापाचं असेल तरच हे लागू पडतं. कीबोर्डवर एन दाबून डायमेन्शन्स (मापं) बघा: हनुवटीपासून टाळूपर्यंत २२-२३ सेंटिमीटर हवेत. स्कल्प्ट केलेली डोकी बरेचदा दोन मीटरची असतात. मग हेच आकडे भरूनही चेहरा प्लास्टरचाच राहतो आणि माणूस उगाच शेडरला दोष देत बसतो.

मेथड रँडम वॉक स्किन निवडा. ओठांच्या कोपऱ्यात किंवा पापण्यांवर काळे डाग आले, तर आधी नॉर्मल्स (पृष्ठभागाची बाहेरची बाजू दाखवणाऱ्या दिशा) बाहेर वळलेले आहेत का ते तपासा. मग डोळे आणि दात वेगळे ऑब्जेक्ट करा, कारण एकाच ऑब्जेक्टमध्ये असले की आत भरकटणारा प्रकाश त्यांनाही धडकतो. जुन्या धड्यांमधलं सबसरफेस कलर शोधत बसू नका. आवृत्ती ४ पासून ते काढून टाकलंय, बेस कलरच वापरला जातो.

प्रश्न : लघुपटासाठी काटोलच्या संत्र्याच्या बागेत काम करणारी पन्नाशीची बाई करते आहे. विकत घेतलेलं गोऱ्या चेहऱ्याचं टेक्स्चर (मॉडेलवर चढवायचं त्वचेचं चित्र) गडद केलं, तर रंग सावळा न होता राख फासल्यासारखा झाला. लाली वाढवली तर मेकअप वाटतो.
— महाल

हा प्रश्न फार मोलाचा आहे. आपल्या माणसांचे चेहरे पडद्यावर निस्तेज दिसतात त्याचं मोठं कारण हेच.

टेक्स्चर गडद करताना तुम्ही बहुधा तिन्ही रंग सारखेच खाली आणले. त्वचेतलं रंगद्रव्य मेलॅनिन तसं करत नाही. ते निळा सगळ्यात जास्त शोषतं, हिरवा त्याहून कमी, लाल सगळ्यात कमी. उदाहरण घ्या. गोऱ्या गालाचा लिनियर रंग (लाल, हिरवा, निळा किती परततो ते ० ते १ मध्ये) ०.६०, ०.३६, ०.२५ धरू. त्याला सरसकट निम्मं केलं की ०.३०, ०.१८, ०.१२ उरतात, आणि स्क्रीनवर हाच तुमचा राखाडी तपकिरी दिसतो. त्याऐवजी मिक्स कलर नोड मल्टिप्लायवर ठेवून ०.६२, ०.४७, ०.३६ ने गुणा. ०.३७, ०.१७, ०.०९ मिळतील, म्हणजे उबदार सावळा. तिचा वर्ण याहून गडद असेल तर हाच गुणाकार दुसऱ्यांदा करा. काळा रंग मिसळू नका.

मेलॅनिन सगळीकडे सारखं नसतं, म्हणून या गुणाकाराला मास्क, म्हणजे कुठे किती लागू करायचा ते ० ते १ मध्ये सांगणारा नकाशा, हवाच. तळहात, तळपाय आणि नखांखाली तो जेमतेम ०.२ ठेवा. डोळ्यांभोवती, बोटांच्या पेरांवर, कोपरांवर आणि मानेच्या वळ्यांत पुरता १. वर्षानुवर्षं उन्हात राबलेल्या बाईचे हात आणि चेहरा गडद, पण पदराखालचा दंड आणि बांगड्यांखालची पट्टी एक छटा उजळ असते. ही बांगड्यांची पट्टी नक्की रंगवा. तिच्यामुळे ती बाई त्या बागेतली वाटेल.

गालांवरची लाली पुसून टाका. रक्ताचा रंग खालच्या थरात असतो आणि वर मेलॅनिनचा पडदा असतो, त्यामुळे सावळ्या चेहऱ्यावर तो गुलाबी न दिसता किंचित तांबूस दिसतो, तोही ओठांच्या आतल्या कडेला, नाकपुड्यांशी आणि कानाच्या पाळीवर.

आता चकाकीकडे या. पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश वर्णावर अवलंबून नसतो. त्वचेचा अपवर्तनांक (ब्लेंडरमधला आयओआर) साधारण १.४ आहे, म्हणून समोरून पडलेल्या प्रकाशातला जेमतेम २.८ टक्के वरून परततो, गोरा असो की काळा. पण गडद त्वचेत आतून परतणारा प्रकाश कमी, त्यामुळे तीच चकाकी कितीतरी उठून दिसते. गोऱ्या चेहऱ्यावर खपून जाणारा रफनेस मॅप (कुठे किती खडबडीत, कुठे चकचकीत ते सांगणारं चित्र) इथे लगेच उघडा पडतो. आयओआर १.४ करा. कपाळ आणि नाकाला रफनेस ०.३५ च्या आसपास, गालांना ०.५, ओठांना ०.३ द्या. प्रकाशासाठी एक मोठा एरिया लाइट (पसरट दिवा) बाजूने लावा. छोट्या दिव्याने नुसते पांढरे ठिपके पडतात.

स्वतःचं टेक्स्चर बनवायचं असेल तर सगळ्यात चांगलं. फ्लॅशवर लिनियर पोलरायझर फिल्म (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी) लावा, लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावून नाकावरची चमक नाहीशी होईपर्यंत तो फिरवा. उरतो तो फक्त आतून आलेला रंग. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लाइट स्टेज या चेहरा टिपणाऱ्या यंत्रणेत २००८ च्या डिजिटल एमिलीसाठी, म्हणजे एका अभिनेत्रीच्या डिजिटल चेहऱ्यासाठी, चमक आणि आतला रंग याच तत्त्वाने वेगळे काढले होते. फोटोत ग्रे कार्ड (रंग नीट जुळवायला लागणारं करडं कार्ड) धरायला विसरू नका.

प्रश्न : रोमछिद्रांसाठी नॉइज टेक्स्चर (आपोआप तयार होणारी यादृच्छिक नक्षी) लावलं, तर चेहरा संत्र्यासारखा दिसतो!
— मनीषनगर

संत्रं आणि आपला गाल शेजारी धरून भिंगातून पाहा. सालीवरचे खळगे गोल, जवळपास सारख्या मापाचे, सारख्या अंतरावर. गालावरची छिद्रं लांबट आणि एका दिशेने ओढलेली, नाकावर मोठी आणि गोल, कपाळावर बारीक, पापण्यांवर जवळपास नाहीतच. त्यांच्यामधून बारीक रेघांचं जाळं जातं, ते हाताच्या पंज्यावर नुसत्या डोळ्यांनीही दिसतं. एकच नॉइज सगळीकडे पसरला की संत्रं होणारच. भाग वेगळे करा, प्रत्येकाला आपापलं टेक्स्चर द्या, आणि खोली ०.२ मिलिमीटरच्या वर नेऊ नका. म्हणून पृष्ठभाग वरखाली करणाऱ्या डिस्प्लेसमेंट नोडचं स्केल ०.०००२. इमेजचा कलर स्पेस नॉन-कलर (चित्र रंग म्हणून नव्हे, नुसते आकडे म्हणून वाचणारा) नसेल तर खोली चुकीची येते. साधारण ४० सेंटिमीटर त्वचा ४के टेक्स्चरच्या (सुमारे चार हजार पिक्सेल) रुंदीत बसवली, तर एका पिक्सेलला ०.१ मिलिमीटर येतो, म्हणजे छिद्राला दोन-तीनच पिक्सेल. जवळच्या शॉटसाठी वेगळं टाइल होणारं बारीक टेक्स्चर वरून मिसळावंच लागतं.

प्रश्न : मे महिन्यातल्या दुपारचा सीन आहे. घाम कसा दाखवू?
— सक्करदरा

कमी दाखवा. आपलं ऊन कोरडं, ४५ अंशांत घाम झरझर सुकतो. सगळा चेहरा ओला केलात तर ती मुंबई होईल. केसांची कड, कानशिलं, वरचा ओठ आणि गळ्याची खाच एवढ्याच जागी रफनेस ०.१५ पर्यंत उतरवा. थेंब हवे असतील तर खऱ्या भूमितीचे, अर्धा ते दीड मिलिमीटरचे, आयओआर १.३३. बाकी चेहऱ्याचा रफनेस उलट ०.०५ ने वाढवा, म्हणजे धुळीची कोरड दिसेल. ऊन पाठीमागून येत असेल तर गालाच्या कडेला दीड मिलिमीटर लांब, ०.०२ मिलिमीटर जाड लव लावा. समोरून ती दिसत नाही, पण मागून ऊन आलं की कडेला उजळून निघते.